आधी बरी बाजू

“धाकट्या बाई नाहीत का आज?”

एवढंच ती म्हणाली. दारात उभी होती. एक हात लंगडणाऱ्या मुलीच्या काखेत, दुसऱ्या हातात एक्स-रेचं पाकीट, आणि नजर थोरल्या बाईंच्या खांद्यावरून पलीकडे, जणू कुणी कपाटामागे लपून बसलंय. प्रश्नात वाईट काही नव्हतं. सोमवारी सकाळी ओपीडीत माणसं याहून कितीतरी वाईट विचारतात. किती वेळ लागेल, चहाला कधी उठणार, आणि एकदा तर एका आजोबांनी मोठी डॉक्टर कुठाय म्हणून त्यांनाच विचारलं होतं, तेव्हा त्या स्वतःशी हसल्या होत्या. आज हसू आलं नाही. पोटात कुठेतरी टचकन टोचलं आणि त्यांनी उगाचच चष्मा काढून पुसला. मुलांच्या हाडांच्या या विभागात त्यांना एकतीस वर्षं झाली होती, धाकटीला अकरा. थोरल्या बाई आणि धाकट्या बाई ही नावं कुणी पाडली ते कुणालाच सांगता आलं नसतं, पण आता दारावरच्या पाट्यांपेक्षा तीच चालत होती. नवऱ्याला ती भारी आवडायची. “काय म्हणतात जावाजावा?” असं तो संध्याकाळी बूट काढायच्या आत विचारायचा, आणि बाई त्याला काहीतरी गंमत सांगायच्या. गेल्या वर्षापासून गंमत सांगणं बंद झालं होतं. तो मात्र विचारत राहिला, बिचाऱ्याला पत्ताच नव्हता.

“त्या थिएटरमध्ये आहेत,” बाई म्हणाल्या. “दुपारपर्यंत काही यायच्या नाहीत. मी चालेन का?”

हे त्या हसून म्हणाल्या, म्हणजे निदान हसण्यासारखं तोंड केलं. आई ओशाळली. “चालेल की,” ती म्हणाली.

चालेल की. मुलीला तपासायच्या पलंगावर झोपवताना, पायातला मोजा काढताना, बाईंच्या डोक्यात ते दोन शब्द घोळत होते. दुकानात हवा तो रंग नसला की माणूस असंच म्हणतं. मुलगी नऊ वर्षांची, हडकुळी, गंभीर चेहऱ्याची. शनिवारी शाळेच्या व्यायामशाळेत गुडघा दुमडून बसली असताना दुसरी एक दांडगी मुलगी तिच्या अंगावर पडली. आत कट्‌कन वाजलं, मग पुन्हा एकदा वाजलं, आणि मग तिची तीच उठून उभी राहिली. रडली नाही, असं आईने अभिमानाने सांगितलं. बाईंनी डावा पाय हातात घेतला, गुडघा वाकवला, बाहेर वळवला, आत वळवला. आत वळवताना शेवटच्या टप्प्यात काहीतरी अडलं. अडलं म्हणजे काय, कणभर. दार बंद होताना चौकटीला नुसतं पुसटसं लागावं इतकंच. मुलीने ओठ आवळले.

“दुखतं?”

“दुखत नाही तसं. आत खडा गेल्यासारखं वाटतं.”

“खडा बुटात जातो, बाळ. पायात नाही जात.”

मुलगी मोठ्यांसाठी हसतात तशी हसली. बाईंनी फिल्म भिंतीवरच्या उजेडाच्या पेटीवर लावली, मागचा दिवा लावला, आणि कमरेचं सगळं कडं उजळून निघालं: दोन्हीकडे खुब्याच्या वाट्या, प्रत्येक वाटीत मांडीच्या हाडाचा गोळा, आणि वाटीच्या तळाशी ती काळी फट. लहान मुलाची वाटी एका हाडाची नसते, तीन हाडं मिळून ती झालेली असते; तिन्ही जिथे एकमेकांना भेटतात तिथे मऊ कूर्चा असते, आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही म्हणून तिथे नुसती फट दिसते. मूल वयात येईपर्यंत ती असायचीच. वाटी वाढते ती तिच्याच जोरावर. अपघातात ती चिरडली आणि वेळेआधी बुजली तर गोळा वाढत जातो आणि वाटी आहे तेवढीच राहते, मागच्या वर्षीच्या चपलेसारखी. हे त्यांनी इतक्या पोरांना शिकवलं होतं की झोपेत विचारलं तरी सांगतील. सवयीने त्यांचा हात पेटीच्या वर, भिंतीतल्या खिळ्याकडे गेला. खिळा रिकामा होता. तो रिकामा आहे हे त्यांना वर्षभर माहीत होतं, पण हाताला अजून पटलं नव्हतं. तेवढ्यात मागून आई म्हणाली, “धाकट्या बाई ते पुठ्ठा लावून बघतात ना? माझ्या भाच्याच्या वेळी बघितलं होतं. एक बाजू झाकायची आणि मग...”

“पुठ्ठ्याशिवायही दिसतं,” बाई म्हणाल्या.

आणि त्यांनी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. सरळ दुखऱ्या बाजूवर गेल्या. तडा कुठे नव्हता. गोळा वाटीत होता. तळाची फट होती तिथे होती. “हाड शाबूत आहे,” त्या म्हणाल्या, “मुका मार आहे. पळापळ नको, उड्या नकोत, घरात चालली तरी हरकत नाही. तीन आठवड्यांनी दाखवा. फिल्म राहू दे इथे, रिपोर्ट लिहून ठेवते.”

“नक्की ना, बाई?”

“एकतीस वर्षं हेच बघतेय.”

आई गेली. जाताना तिने आभार मानले, दोनदा मानले, आणि त्या दुसऱ्या खेपेत अविश्वास होता असं बाईंना वाटलं. नसेलही. आजकाल त्यांना नसलेलं पुष्कळ ऐकू यायचं. पुढचा पेशंट आला, त्याच्या पुढचा आला. पळण्याच्या शर्यतीत मांडीच्या स्नायूने कमरेच्या हाडाचा कपचा ओढून काढलेला एक उंच मुलगा आला. त्याला ऑपरेशन नको, नुसती विश्रांती हवी, हे त्याच्या बापाला पटवता पटवता बाईंच्या तोंडाला फेस आला. पण मधेच केव्हातरी बोटांना ती कणभर अडचण पुन्हा जाणवायची. त्या बोटं झटकायच्या, हात धुवायच्या आणि मनाला दुसरीकडे न्यायच्या. आणि मन जायचं ते पुठ्ठ्याकडेच.

तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या होत्या, नोकरीला लागून चार महिने झालेले, आणि आपल्याला सगळं येतं असं वाटण्याचं ते वय. चार वर्षांचा एक पोरगा पायऱ्यांवरून गडगडला म्हणून आणला होता. त्यांनी फिल्म बघितली, वाटीच्या तळाशी ती फट बघितली, आणि ठरवूनच टाकलं: वाटी फुटलीय. विभागाचे प्रमुख, त्यांचे सर, रजेवर होते. बाईंनी पोराला भरती केलं, पाय पट्ट्यांनी बांधून पलंगाच्या टोकाला वजनं लटकवली आणि तीन आठवडे त्याला उताणं निजवलं. पोरगा सुरुवातीला रडायचा, मग छताकडे बघून गाणी म्हणायचा, मग गाणीही थांबली. सर आले, फिल्म पेटीवर लावली, आणि फिल्मच्या डब्यातला जाड पुठ्ठा उचलून त्यांनी दुखरी बाजू झाकली. “ही बरी बाजू. इथे काय दिसतं?” बाईंना फट दिसली. तशीच. बऱ्या बाजूलाही तशीच, तितकीच, तिथेच. “आधी बरी बाजू बघायची,” सर म्हणाले. “तिची चांगली ओळख करून घ्यायची, मग पुठ्ठा सरकवायचा. एकदम दुखण्यावर झडप घालणारा डॉक्टर कधी नसलेलं बघतो, कधी असलेलं सोडतो.” आवाज चढवला नाही. त्याच संध्याकाळी वजनं उतरली, आणि तो पोरगा उभं राहायचं विसरल्यासारखा पलंगाच्या कडेला बसून राहिला. बाईंनी पुठ्ठा उचलून आपल्याकडे ठेवला. कडा उसवू नयेत म्हणून चारही बाजूंनी चिकटपट्टी लावली, वर भोक पाडून दोरा ओवला, आणि पेटीवरच्या खिळ्याला तो अडकवला. पुढे वीस वर्षं जो कुणी या विभागात शिकायला आला त्याने पहिल्या दिवशी बाईंच्या तोंडून ते वाक्य ऐकलं. बाईंचा पुठ्ठा म्हणून दुसऱ्या इस्पितळांतही लोक गमतीने ओळखायचे.

धाकटी आली तेव्हा अशीच एक पोरगी होती. केस कसेबसे बांधलेले, खिशात चार पेनं आणि एकही न उमटणारं. बाईंना ती आवडली, हे खोटं कशाला बोलायचं. तिला प्रश्न पडायचे. पहिल्याच वर्षी गाडीखाली सापडलेलं एक मूल आलं, कमरेचं कडं दोन ठिकाणी मोडलेलं. बाकीचे सगळे हाडाकडे बघत असताना हिने विचारलं, “बाई, मुलांचं कडं वेतासारखं लवतं ना? मग ते मोडलं म्हणजे दणका केवढा असेल. पोट बघायचं का आधी?” पोटात रक्त साठलं होतं. मूल वाचलं. त्या दिवशी बाईंनी खिळ्यावरचा पुठ्ठा काढून तिच्या हातात दिला. आनंदाच्या भरात दिला. माणूस भरात काय काय देऊन बसतं. मग धाकटी दोन वर्षं बाहेर जाऊन खुब्याची मोठी ऑपरेशनं शिकून आली, तिला वेगळी खोली मिळाली, आणि पुठ्ठा तिच्याबरोबर त्या खोलीत गेला. बाईंनी दुसरा कापून घेतला, तोही बरा होता. आणि मग गेल्या वर्षी एक दिवस फिल्मच्या खोलीबाहेरून जाताना त्यांनी ऐकलं. नव्या बॅचमधली कुणीतरी दुसरीला सांगत होती: “अगं, धाकट्या बाईंची पद्धत माहीत नाही? आधी बरी बाजू. त्यांनीच काढलीय ती.” आत धाकटीही होती, तिचा आवाज येत होता. ती काही बोलली नाही. ऐकलं नसेल, कामात असेल, शंभर कारणं. पण ती काही बोलली नाही. बाई आपल्या खोलीत आल्या, खिळ्यावरचा दुसरा पुठ्ठा काढला, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. आपण धाकटीची नक्कल करतो असं एकाही पोराला वाटता कामा नये. तेव्हापासून त्या नुसत्या डोळ्यांनी बघायच्या. मत्सर म्हणतात तो हाच, हे त्यांना कळत होतं. एवढ्या शिकल्यासवरलेल्या बाईला ते न कळायला काय झालं? कळून तो कमी होत नव्हता. उलट रात्री जेवताना नवरा म्हणाला, “जाऊबाई कशा आहेत?” की अंगाचा तिळपापड व्हायचा आणि त्या म्हणायच्या, “मीठ दे जरा.”

मंगळवारी त्यांनी त्या मुलीचा रिपोर्ट लिहायला घेतला आणि बाजूला ठेवला. बुधवारी पाकिटाला हात लावला नाही. फिल्म काढून पुन्हा बघायला दोन मिनिटं लागली असती. पण पुन्हा बघायची म्हणजे नीट बघायची, नीट बघायची म्हणजे पुठ्ठा हवा, आणि साधा वहीचा पुठ्ठाही त्यांच्याने उचलवेना. उचलला असता तर त्या आईचं खरं झालं असतं. इतकं हास्यास्पद होतं हे. पन्नाशी उलटलेली बाई एका पुठ्ठ्यावर रुसून बसली होती. गुरुवारी व्हरांड्यात धाकटी समोरून आली, थांबली, “बाई, तुम्ही बऱ्या आहात ना?” म्हणाली. आवाजात काळजी होती. बाईंना वाटलं, हिने निदान वाईट तरी असावं. चारचौघींसारखी उद्धट, मिजासखोर असती तर किती सोपं गेलं असतं. “मला काय धाड भरलीय?” बाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

शुक्रवारी सकाळी स्वयंपाकघरातला चमच्यांचा खण लागेना. समोरून बघितलं तर सगळं जागच्या जागी, चमचे चमच्यांत, सुऱ्या सुऱ्यांत. फक्त खण पुरता आत जात नव्हता, बोटभर फट राहत होती. बाईंनी ढकलला. पुन्हा ढकलला, जरा जोरात. नवरा पेपर बाजूला ठेवून आला आणि म्हणाला, “अगं, आत काहीतरी पडलंय मागे. नुसतं ढकलून काय होणार?” त्याने खण पूर्ण बाहेर काढला, मागे हात घातला आणि एक वाकडा झालेला काटा-चमचा काढून ओट्यावर ठेवला. मग खण गुळगुळीत आत गेला. बाई त्या मोकळ्या झालेल्या खणाकडे बघत राहिल्या. फट. गोळा वाटीत होता, खरंय. पण पुरता बसला होता का? चहाचा कप तसाच टाकून त्या निघाल्या, आणि नवरा मागून काहीतरी विचारत राहिला ते त्यांना ऐकू आलं नाही.

इस्पितळात पोचल्यावर त्या स्वतःच्या खोलीत गेल्याच नाहीत. पाकीट काखोटीला मारून त्या धाकटीच्या खोलीत शिरल्या. धाकटी अजून आली नव्हती. पेटीवरचा खिळा, खिळ्यावर दोरा, दोऱ्याला पुठ्ठा. चिकटपट्टी पिवळी पडली होती, एका कोपऱ्यावर त्यांच्याच कपाचा चहाचा गोल डाग होता. चोराने हात घालावा तसा त्यांनी हात घातला, आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

“काय हवंय, बाई?”

“पुठ्ठा.”

धाकटी काही विचारत बसली नाही. तिने पिशवी खुर्चीवर ठेवली आणि पेटीचा दिवा लावला. बाईंनी फिल्म अडकवली, पुठ्ठ्याने डावी बाजू झाकली आणि उजवी बघायला लागल्या. बरी बाजू. गोळा, वाटी, दोघांमधली ती काळी पट्टी, तिची रुंदी, तिचा गोलवा. पेन्सिलच्या टोकाने त्यांनी ती मोजली. मग पुठ्ठा सरकवला. पट्टी रुंद होती. फार नाही, दोन मिलिमीटर. पण ते दोन मिलिमीटर असे डोळ्यांत घुसले की सोमवारी ते दिसले नव्हते यावर विश्वास बसेना. धाकटीला ते त्यांच्याआधी दिसलं होतं. बाईंना तिच्या श्वासावरून कळलं. तरी ती गप्प उभी होती, हात मागे बांधून, पहिल्या वर्षी उभी राहायची तशी. बाईंनी बोलावं म्हणून थांबलेली. आणि तिचं ते थांबणं बाईंना सगळ्यात जास्त झोंबलं.

“गोळा आणि वाटीतली फट रुंद आहे,” बाई म्हणाल्या.

“जरा आहे.”

“जरा नाही. खुबा निसटला आणि आपला आपण परत बसला. दोनदा वाजलं म्हणून सांगितलं होतं तिच्या आईने. बसताना वाटीच्या मागच्या काठाचा तुकडा आत ओढला गेलाय. खडा गेल्यासारखं वाटतं म्हणाली पोरगी, आणि मी तिची थट्टा केली.” त्यांनी दिवा बंद केला. “सोमवारी मी बघितली ही फिल्म. घरात चाल म्हणून सांगितलंय.”

धाकटीने फिल्म उतरवून पाकिटात घातली. “एमआरआय करू या,” ती म्हणाली. “सीटीत काही सापडायचं नाही, या वयात तो काठ अजून हाडाचा झालेला नसतो. मी फोन करू का घरी?”

“मी करते.”

फोन लागला. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. बाईंनी नाव न सांगता, थोरल्या बाई बोलतेय, एवढंच म्हटलं. मुलीला चालू देऊ नका, उचलून गाडीत घाला आणि आत्ता घेऊन या, असं त्यांनी सांगितलं. भांडी थांबली.

“पण तुम्ही तर काही नाही म्हणालात.”

“म्हणाले. माझं चुकलं. नीट बघितलं नाही मी.”

रागावली असती तर बरं, असं बाईंना वाटलं. मग आई हळूच म्हणाली, “आता तरी धाकट्या बाई बघतील ना?”

“त्याच बघतील. ऑपरेशन लागलं तर तेही त्याच करतील.” ही वाक्यं बाईंनी स्वच्छ उच्चारली. दाढ काढताना तोंड उघडं ठेवावं लागतं, तसं.

दुपारी एमआरआयमध्ये तुकडा दिसला, वाटी आणि गोळ्याच्या मध्ये, पुस्तकाच्या पानाचा कोपरा आत दुमडावा तसा दुमडलेला. शनिवारी सकाळी मुलीला थिएटरात घेतलं. बाईंना कुणी बोलावलं नव्हतं. त्या हात धुऊन, गाऊन चढवून आल्या आणि टेबलाच्या पायथ्याशी जाऊन मुलीचा पाय धरून उभ्या राहिल्या. ते काम सगळ्यात नव्याचं असतं. पाय धरायचा, सांगतील तसा वळवायचा, हात भरून आले तरी ब्र काढायचा नाही. तिथे उभा असलेला नवा डॉक्टर गडबडून बाजूला झाला. धाकटीने मान वर केली, बाईंच्या डोळ्यांत बघितलं आणि मान पुन्हा खाली घातली.

तिचे हात. बाईंनी ते पूर्वीही बघितले होते, पण इतक्या जवळून, पाय धरणाऱ्याच्या जागेवरून कधी नाही. घाई नाही, फालतू हालचाल नाही. गोळ्याला रक्त पोचवणारी नळी इवलीशी असते, ती दुखावली तर गोळा मरतो, मूल जन्माचं लंगडं होतं. धाकटी तिच्या आजूबाजूने अशी जात होती जशी झोपलेल्या तान्ह्याच्या पलंगाजवळून आई जाते. हे आपल्याला कधीच आलं नसतं, बाईंना वाटलं, आणि तो विचार नुसता खरा होता, त्याला काही इलाज नव्हता. त्यात आणखी एक. चिमटा परत देताना धाकटी तो तळहातावर एकदा हलकेच आपटायची. ती सवय बाईंची होती. स्वतःची सवय दुसऱ्याच्या हातात, त्यांच्याहून शोभून दिसत होती. “बाई, जरा आत वळवा,” धाकटी म्हणाली. बाईंनी वळवला. “अजून थोडा. बस.” गोळा वाटीतून बाहेर आला, ओला, पांढरा, मोत्यासारखा, आणि त्याच्या मागच्या अंगाला नखाएवढा एक डाग होता. तिथली चमक गेली होती. खरवडल्यासारखं झालं होतं.

धाकटीने दुमडलेला काठ सरळ केला, जागच्या जागी बसवला, बारीक टाक्यांनी शिवला. मग नोंदी लिहिणाऱ्या मुलीला ती न बघताच म्हणाली, “गोळ्यावर खरचटल्याची खूण, साधारण नखाएवढी. पडताना झालेली.”

धाकटी बाईंना झाकत होती. इतक्या सहज, इतक्या मायेने, की हे उपकार आयुष्यभर मानगुटीवर बसले असते. “पडताना नाही,” त्या मास्कमधून म्हणाल्या. “पाच दिवस ती त्यावर चाललीय. चालायला मी सांगितलं होतं. तसं लिहा.” लिहिणारी धाकटीकडे बघायला लागली. धाकटीने मान हलवली. पेन कागदावर चाललं, आणि बाईंनी मुलीचा पाय पुन्हा नीट धरला.

आईला त्यांनी तेही सांगितलं. डाग भरून येईल, बहुतेक येईल, मुलांची कूर्चा समंजस असते. पण दोन वर्षं दर तीन महिन्यांनी बघावं लागेल, आणि नाही आला भरून तर पुढे खुबा कुरकुरेल. तो डाग माझा आहे. आई ऐकत राहिली. रागावली नाही, रडलीही नाही, आणि मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “कळवलंत ते बरं केलंत.” तेवढंच. माफ केलं की नाही ते बाईंना कळलं नाही आणि विचारायची ती गोष्ट नव्हती.

आठव्या दिवशी राउंडला बाई वॉर्डात शिरल्या तेव्हा मुलगी उशीला टेकून बसली होती, पाय पट्ट्यांत. मागे पाचसहा विद्यार्थी होते. मुलीने बाईंकडे बघितलं, आणि तिच्या गंभीर चेहऱ्यावर विचार दिसला.

“तुम्ही म्हणाला होता, खडा पायात जात नाही.”

“म्हणाले होते.”

“मग गेला कसा?”

“गेला होता. मला दिसला नाही. तुझं खरं होतं.”

मुलीला हे पटलं. “आता नाहीये,” ती म्हणाली. “धाकट्या बाईंनी काढला.” आणि तिचा चेहरा उजळला, कारण धाकटी दारातून आत येत होती. आई उठून उभी राहिली. विद्यार्थी वळले. सगळा वॉर्डच तिकडे वळल्यासारखा झाला, आणि बाईंच्या पोटात तेच, तिथेच, टचकन टोचलं. एवढं सगळं होऊन गेल्यावर ते तरी जाईल, असं त्यांना वाटलं होतं. कबूल करायचं ते केलं होतं, पाय धरून उभ्या राहिल्या होत्या. ते काही गेलं नव्हतं, चांगलं खाऊनपिऊन टुणटुणीत होतं. बाईंनी बाजूला होऊन धाकटीला पलंगाशी जागा दिली आणि खिडकीपाशी गेल्या. पुठ्ठा त्यांच्या हातात होता; त्या दिवसापासून तो कधी या खोलीत, कधी त्या खोलीत असायचा. त्यांनी पहिली फिल्म खिडकीच्या काचेवर धरली.

“या इकडे. ही त्या दिवशीची फिल्म. मला यात काही दिसलं नव्हतं. तुम्ही कसं बघाल?”

पुढची मुलगी उत्साहाने म्हणाली, “आधी बरी बाजू. धाकट्या बाईंची पद्धत.”

वर्षभर बाई या वाक्याची वाट बघत होत्या. काय बोलायचं ते पाठ होतं, आंघोळ करताना, भाजी चिरताना शंभरदा म्हणून झालं होतं: ही पद्धत माझी, बरं का, तुमच्या धाकट्या बाईंना मीच शिकवलीय. धाकटी समोर होती, वॉर्ड ऐकत होता, याहून चांगली वेळ पुन्हा आली नसती. बाईंनी तोंड उघडलं, आणि डोळ्यांसमोर आला तो पलंगाच्या कडेला बसलेला, उभं राहायचं विसरलेला पोरगा, आणि फिल्मच्या डब्यातून पुठ्ठा उचलणारा एक म्हातारा, शांत हात.

“ही पद्धत माझ्या सरांची,” त्या म्हणाल्या.

धाकटीने मुलीच्या पायाची पट्टी सोडता सोडता वर बघितलं. चेहऱ्यावर काही नव्हतं, नुसतं कुतूहल होतं. अकरा वर्षं जिच्या हाताखाली काढली तिचं काहीतरी पहिल्यांदाच कानावर पडावं तसं.

“कुठले सर, बाई?” तिने विचारलं.

बाईंनी पुठ्ठा खाली केला. एकतीस वर्षांत त्यांनी सरांचं नाव कुणालाच सांगितलं नव्हतं.